आधी टेपने अंतरं मोजली, मग लेन्स ठरवली

चवथ म्हणजे गणेशचतुर्थी झाली, गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरली, पाहुणे गेले आणि आता पुढच्या बुधवारी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डावा त्यानंतर दोन आठवड्यांनी. गेले चार महिने डोक्यात हाच विषय आहे, आणि जे कळलं ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यातलं बरंचसं मला कुणी आपणहून सांगितलं नाही, मी विचारत गेले म्हणून कळत गेलं. ज्यांना लहानपणापासून मोठा मायनस नंबर आहे त्यांनी तर हे वाचाच.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, सगळी नोकरी मराठी प्राथमिक शाळेत गेली. चष्मा सातवीत लागला आणि लग्नापर्यंत मायनस ६ वर जाऊन थांबला. मायनस ६ म्हणजे काय ते ज्यांना आहे त्यांनाच कळेल, सकाळी उठल्यावर आधी हात उशीजवळ चष्मा शोधतो, मग दिवस सुरू होतो. पण या डोळ्यांचं एक वरदानही असतं. चष्मा काढून वस्तू वीतभर अंतरावर धरली की मुंगीचे पायसुद्धा मोजता येतात. माझ्या वयाच्या बाकीच्या बायका सुईत दोरा ओवायला नातवंडांना हाक मारतात, मी चष्मा काढते आणि ओवते. अबोलीची फाती, म्हणजे फुलांची वेणी, करताना तेच, हातात रुतलेला कुसळाएवढा काटा काढताना तेच, औषधाच्या पाकिटावरची बारीक एक्सपायरी डेट वाचताना तेच. पंचेचाळीशीत सगळ्यांना वाचायचा चष्मा लागला तेव्हा मला नुसता चष्मा वर सरकवायची सवय लागली. हे माझ्याकडे काहीतरी आहे असं कधी वाटलंच नव्हतं, ते जाऊ शकतं हे कळेपर्यंत.

दोन वर्षांपूर्वी नंबर अचानक वाढायला लागला. ६ चा ७ झाला, मग ८, यंदा ९. चष्म्याच्या दुकानात दर वेळी नवीन काचा करून दिल्या आणि मीही केल्या, पैसे गेले. नंतर कळलं की मोतीबिंदूचा एक प्रकार असतो त्यात डोळ्यातलं नैसर्गिक भिंग मधोमध घट्ट आणि पिवळं होत जातं, त्याची ताकद वाढते आणि म्हणून मायनस नंबर वाढत जातो. साठीनंतर असा भराभर नंबर वाढला तर नुसत्या काचा बदलू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. पावसाळ्यात एका संध्याकाळी स्कूटरवरून बाजारातून घरी येत होते, समोरून ट्रक आला आणि त्याच्या हेडलाइटचा उजेड सगळीकडे पसरून रस्त्याची कडच दिसेना. बाजूला थांबले, इंजिन बंद केलं आणि पाच मिनिटं तशीच उभी राहिले. त्या रात्री यांना सांगितलं की आता दाखवायचं.

पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेले तिथे तपासणी झाली, मोतीबिंदू पिकत आलाय म्हणाले आणि लगेच काउन्सेलरच्या टेबलावर बसवलं. तिने एक प्लास्टिकचं कार्ड पुढे ठेवलं, त्यावर डोळ्यात बसवायच्या लेन्सची नावं आणि समोर किंमत. साधी, त्यावरची, त्यावरची आणि सगळ्यात वरची. साध्या आणि सगळ्यात वरच्या लेन्समध्ये दोन डोळ्यांचा मिळून फरक लाखाच्या वर. ती मुलगी वाईट नव्हती, तिला तेच शिकवलेलं, पण अर्ध्या तासात तिने मला एकदाही विचारलं नाही की बाई, तुम्ही दिवसभर करता काय. प्रश्न एकच होता, चष्मा घालवायचा का. आणि या प्रश्नाला कोण नाही म्हणेल? बाहेर आले तर शेजारीण फोनवर तेच विचारते, "मग चश्मो वतलो मगे?" म्हणजे आता चष्मा जाणार ना?

मुलगी पर्वरीला असते, ती म्हणाली आई घाई करू नकोस, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ. त्यामुळे हे सगळं पुढे घडलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्या ठिकाणचे रिपोर्ट बघितले, मग स्वतःकडे माप घेतलं आणि दोन्ही मापं जुळेनात. माप म्हणजे बायोमेट्री. आत बसवायची लेन्स किती पॉवरची हे चष्म्याच्या नंबरवरून ठरत नाही, ते ठरतं डोळा पुढून मागे किती लांब आहे आणि पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, किती वक्र आहे यावरून. साधारण डोळा साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो, माझा २६ च्या वर. लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक पडू शकतो, एका मिलिमीटरला एवढी किंमत! माझी लांबी दोन्हीकडे सारखी आली होती, पण कॉर्नियाचे आकडे वेगळे. डॉक्टरांनी विचारलं, पहिल्या ठिकाणी माप घेण्याआधी डोळ्यात काही घातलं होतं का? घातलं होतं, सुन्न करायचा ड्रॉप घालून डोळ्याला टेकवून प्रेशर तपासलं होतं आणि लगेच त्याच रांगेतून मापाच्या मशीनवर बसवलं होतं. अशाने कॉर्नियाचा पृष्ठभाग थोडा बिघडतो आणि मशीन चुकीचं वाचतं. शिवाय माझे डोळे कोरडे निघाले, त्याचाही तोच परिणाम. त्यांनी तीन आठवडे कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स दिले, दिवसातून चार वेळा, आणि मग पुन्हा माप घेतलं, दोन वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही दिवशी आकडे जुळले तेव्हा म्हणाले आता बोलूया. सगळ्यात महागडी लेन्स घेतली असती आणि माप चुकलं असतं तर? या विचाराने मला अजूनही कसंतरी होतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर माप घेण्याआधी त्या बंद ठेवायच्या असतात, मऊ असतील तर एक-दोन आठवडे, कडक असतील तर त्याहून जास्त, नेमकं किती ते डॉक्टरला विचारा.

लांब डोळ्याचं अजून एक. लेन्सची पॉवर फॉर्म्युल्याने काढतात आणि जुने फॉर्म्युले साधारण लांबीच्या डोळ्यांवर बेतलेले, लांब डोळ्यात ते चुकतात, बहुतेक वेळा प्लसकडे. बॅरेटसारखे नवीन फॉर्म्युले तिथे जास्त जवळ जातात. मला गणित येत नाही पण एवढं विचारता आलं की डॉक्टर, माझ्या लांब डोळ्यासाठी तुम्ही कुठला फॉर्म्युला वापरता? त्यांनी स्क्रीन फिरवून दाखवलं.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याच्यामुळे मी हे लिहितेय. "ऑपरेशननंतर तुम्हाला बिनचष्म्याचं कुठलं अंतर हवंय?"

मला वाटलं होतं सगळं दिसेल. त्यांनी समजावलं की साधी, म्हणजे मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर नेमकी बसते. बहुतेक लोकांना ती लांबच्या नजरेसाठी बसवतात, म्हणजे रस्ता, टीव्ही, माणसं चष्म्याशिवाय दिसतात आणि वाचायला चष्मा लागतो. ज्यांना आयुष्यभर लांबचं बरं दिसत होतं त्यांना हे बरोबर वाटतं. पण माझ्यासारखीला लांबसाठी बसवली की आयुष्यात पहिल्यांदा जवळचं जाणार! चष्मा काढून जवळ धरलं की दिसतं ही जी पन्नास वर्षांची सवय, ती ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संपली. जवळ धरू तेवढं जास्त पुसट. डॉक्टर म्हणाले, मोठ्या मायनसवाल्या काही पेशंटना याचा फार त्रास होतो, ऑपरेशन उत्तम होऊनही ते नाराज असतात, कारण आधी कुणी सांगितलेलं नसतं.

मी गप्पच झाले. अबोली डोळ्यासमोर आली.

हिशेब सोपा आहे, शंभराला नंबराने भागायचं. मायनस १ ठेवला तर एक मीटरवर नीट दिसेल, मायनस २ ठेवला तर ५० सेंटिमीटरवर, अडीचला ४० वर, ३ ला ३३ वर. थोडं पुढेमागे चालतं. म्हणजे डॉक्टर मुद्दाम थोडा मायनस शिल्लक ठेवू शकतात. त्यांनी सांगितलं घरी जा, विचार करा, आठवड्याने या.

घरी आल्यावर मी शिवणाची टेप काढली. आठवडाभर जे जे काम करत होते ते थांबवून यांना हाक मारायची, त्यांनी टेपचं एक टोक माझ्या डोळ्याच्या कडेला धरायचं आणि दुसरं कामाला लावायचं. पोथी ३८ सेंटिमीटर. मोबाइल ३३. अबोली ३०. तांदूळ निवडताना सूप मांडीवर असतं, ४२. आदोळीवर नारळ खवताना ६५. गॅसवरची कढई ६०. भजनाच्या वेळी पेटीसमोर ठेवलेली वही ६२. आरशात कुंकू लावताना ३५ आणि आरशातलं अंतर दुप्पट धरायचं असतं, म्हणजे ७०, हे ह्यांनी लक्षात आणून दिलं. देवळात गाभाऱ्यातली मूर्ती पाच-सहा मीटर, टीव्ही तीन मीटर, कदंबच्या बसवरची पाटी जितकी लांबून दिसेल तितकी बरी. वहीच्या एका पानावर सगळं उतरवलं, समोर दिवसाला साधारण किती वेळ तेही लिहिलं. आणि ते पान बघितल्यावर मलाच दिसलं की माझा दिवस दोन ढिगांत जातो, एक ३० ते ४० च्या आसपास आणि दुसरा ६० ते ७० च्या. लांबचं बघायची कामं थोडी आहेत, आणि त्यांना चष्मा लावायला माझी काहीच हरकत नाही, चष्मा माझ्या नाकाला परका नाही.

मुलीशी यावरून दोन दिवस वाद झाला. "आई, एवढं ऑपरेशन करून परत चष्माच लावणार?" तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर. तिने ट्रायफोकलचा आग्रह धरला, पैसे मी देते म्हणाली. त्या लेन्सबद्दल मी वाईट बोलणार नाही. ट्रायफोकल येणारा उजेड लांब, मधलं आणि जवळ अशा तीन ठिकाणी वाटते, माझी एक मैत्रीण पणजीला आहे तिने ती बसवलीय आणि ती खरंच चष्म्याशिवाय सगळं करते, खूश आहे. पण उजेड वाटला गेला म्हणजे प्रत्येक ठिकाणी तो कमीच पोचणार, मंद उजेडात करड्यावर काळं असलं की उठून दिसत नाही, आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. बऱ्याच जणांना काही महिन्यांत सवय होते, काहींना होत नाही. यांचे एक मित्र रात्रीचे बेळगावला गाडी घेऊन जायचे, घाटात समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती कडी दिसतात म्हणून त्यांनी रात्रीचं ड्रायव्हिंग सोडलं. काचबिंदू असेल किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, मध्यभागी आजार असेल, डायबेटिसने पडद्यावर परिणाम झाला असेल, तर सहसा डॉक्टर स्वतःच ती लेन्स नको म्हणतात. मधली एक जात आहे, ईडॉफ म्हणतात, ती लांबपासून हाताच्या अंतरापर्यंत सलग दाखवते, कडी कमी, पण बारीक वाचायला चष्मा लागू शकतो. माझं बारीक कामच तर माझं खरं काम, आणि आमच्या घरात संध्याकाळी उजेड कमीच असतो. मुलीला मी ते वहीचं पान दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, अबोली खाली दोन रेघा का मारल्यास? मग काही बोलली नाही.

टॉरिक लेन्सही त्या कार्डावर होती. चष्म्यात सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याचा वक्रपणा सगळ्या दिशांना सारखा नसल्याने लागणारा नंबर, असणाऱ्यांसाठी ती असते. माझ्या चष्म्यात सिलिंडर दीड आहे म्हणून पहिल्या ठिकाणी तीही लागेल म्हणाले होते. पण चष्म्यातला सिलिंडर कॉर्नियाचा आणि आतल्या भिंगाचा मिळून असतो, भिंग तर निघूनच जाणार, राहणार फक्त कॉर्नियाचा. नीट मापलं तर माझा कॉर्नियाचा अर्धाच निघाला, टॉरिकची गरजच नाही. ज्यांना गरज आहे त्यांना मात्र ती फार उपयोगी, फक्त ती ठरलेल्या कोनातच बसावी लागते, एक अंश फिरली तर तीन टक्क्यांहून थोडा जास्त परिणाम कमी होतो आणि तीस अंश फिरली तर काहीच उरत नाही.

तर ठरलं ते असं. दोन्ही डोळ्यांत साधी मोनोफोकल. कागदाला भोक पाडून त्यातून बघायला लावून डॉक्टरांनी माझा मुख्य डोळा शोधला, तो डावा निघाला. उजव्यात अडीच मायनस ठेवायचा, पोथी-अबोलीसाठी, आणि डाव्यात दीड, आदोळी-कढई-पेटीसाठी. दोघांत एकाचा फरक मेंदू सहज सांभाळतो म्हणाले, त्याहून जास्त ठेवायचा तर आधी कॉन्टॅक्ट लेन्सने करून बघतात. स्कूटरला, देवळाला, बसला पातळ काचांचा चष्मा. नंबर अगदी ठरवला तसाच येईल याची खात्री कुणी देत नाही, पाव-अर्धा इकडेतिकडे होऊ शकतो, हेही त्यांनी आधीच सांगितलं, आणि मला ते सांगणारे डॉक्टर आवडले.

दोन ऑपरेशनमध्ये जास्त दिवस का ठेवायचे नाहीत तेही कळलं. उजवा अडीचवर येईल आणि डावा अजून ९ वर, तो फरक एका चष्म्यात बसवताच येत नाही, दोन डोळ्यांना दोन वेगळ्या आकाराच्या वस्तू दिसतात, चक्कर येते. म्हणून दोनच आठवडे. तेवढे दिवस स्कूटर नाही.

माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पणजीला झालं तेव्हा मी शाळेत होते. कित्येक दिवस मान न हलवता पडून राहायचं, आणि घरी आली ती जाड भिंगांचा चष्मा घेऊन, त्यातून तिचे डोळे केवढे मोठे दिसायचे, आणि तिला पायरी कुठे आहे ते कळायचं नाही. कारण भिंग काढायचे पण त्या जागी काही बसवायचे नाहीत. खरं तर तोवर लेन्स निघून पाव शतक झालं होतं! लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांनी १९४९ साली पहिली कृत्रिम लेन्स बसवली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या प्लास्टिकचे तुकडे गेले होते आणि डोळा ते तुकडे फारशी कुरबुर न करता सांभाळत होता, ते बघून त्यांना सुचलं. पण आपल्याकडे साध्या माणसाला परवडेल अशी लेन्स मिळायला नव्वदचं दशक उजाडलं, मदुराईला ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त लेन्स बनवायला सुरुवात केली. आजीला ही साधी लेन्स मिळाली असती तर ती त्या पायरीवरून पडली नसती. म्हणून कार्डावरच्या सगळ्यात खालच्या ओळीला कुणी हलकी लेन्स म्हटलं की मला वाईट वाटतं.

तयारीचं थोडं. मोठ्या मायनसवाल्यांचा पडदा ताणून पातळ झालेला असतो, म्हणून ऑपरेशनआधी बाहुली मोठी करून पडद्याच्या कडा तपासून घ्याच. माझ्या कडेला पातळ जागा आहेत पण भोक नाही, असतं तर आधी लेसर केला असता. ऑपरेशननंतरही अचानक विजेसारखं चमकलं, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी धावायचं, सकाळची वाट बघायची नाही. भूल मला ड्रॉप्सचीच देणार आहेत, लांब डोळ्यात बाजूने सुई घालण्यात जोखीम जास्त.

ज्यांच्या घरात पुरुषमाणूस प्रोस्टेटची गोळी घेतो त्यांनी लक्ष द्या. टॅमसुलोसिन नावाची गोळी असते, यांना चालू आहे. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा रंगीत भाग सैल पडतो आणि बाहुली आकसते, डॉक्टरला आधी माहीत असेल तर तो तयारीत राहतो, नसेल तर अडचण होते. गोळी बंद केली तरी हा परिणाम राहू शकतो, म्हणून पूर्वी घेत होतात तरी सांगा. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध म्हणून लोक सांगतच नाहीत, हेही सांगणार नव्हते. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, तेही विचारूनच.

मंगळवारी डोक्यावरून न्हाऊन घ्यायचं, कारण पुढे काही दिवस डोळ्यात पाणी जाता कामा नये. काजळ आजपासूनच बंद. ड्रॉप्स कसे घालायचे ते यांना शिकवलंय, खालची पापणी ओढून एक थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये, दोन औषधांत पाच मिनिटं. त्या कृत्रिम अश्रूंच्या ड्रॉप्सवर तीन दिवस सराव केला, पहिले दोन दिवस सगळं गालावर, काल बरोबर पडला. वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलंय. चूल पेटवायची नाही, कुळागरात जायचं नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही, हे मी स्वतःच्या हाताने लिहिलंय म्हणजे मोडता येणार नाही.

दारातली अबोली फुललीय. आज दुपारी चष्मा काढून बसले आणि मंगळवारपर्यंत देवाला पुरतील एवढ्या फाती करून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. टेप अजून टेबलावरच आहे. उजव्याची पट्टी निघाली की पहिली फाती करताना पुन्हा मोजणार आहे, यांना सांगून ठेवलंय.